मिस्ड कॉलची पोच

गंगाधर दिवाणजींना फोनवर बोलायचा मनस्वी कंटाळा. सगळी नोकरी सांगलीच्या हळदीच्या अडतीत गेली. त्यांच्या उमेदीच्या काळात तिथे भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली समोरच्याचा हात हातात घ्यायचा, ठरलेली बोटं दाबायची, समोरच्याने परत दाबली की सौदा पक्का. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नसे. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की पुढे मोबाइल आला, बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी यांचं बोटं दाबणं चालूच राहिलं.

लेक अबोली कऱ्हाडला हॉस्टेलवर राहायला गेली तेव्हा त्यांनी तिला नियम घालून दिले होते. एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं खुशाल. दोन म्हणजे सवडीने फोन कर. तीन म्हणजे हातातलं काम टाक आणि धाव. ज्याला मिळाला त्याने उलट एक द्यायचा, ती मिळाल्याची पोच. फोन कानाला लावायचाच नाही. नंबर दाबायचा, मनात आकडे मोजायचे, तोडायचा. एकदा अबोलीने चुकून फोन उचलून "हॅलो" म्हटलं, तर म्हातारा दोन दिवस फुगून बसला होता.

आता अबोली साताऱ्यातल्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवत होती. वडिलांची ही खोड तिच्या वर्गातलं सगळ्यात लाडकं उदाहरण होती. रोज दुपारची जेवणं उरकली की सांगलीहून एक मिस्ड कॉल यायचा, साताऱ्याहून एक परत जायचा. बाप-लेकीचं एवढंच संभाषण, आणि दोघांनाही ते पुरत होतं. पुरत होतं म्हणजे काय, दोघंही त्याच्यावर फार खूश होते. हुशार माणसांना आपल्या हुशारीचं भारीच कौतुक असतं.

त्या पावसाळ्यात अबोलीची आई, प्रमोदिनीबाई, मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की पाय जमिनीला लागता कामा नये. उचलायचं तर तीन-चार माणसांनी, तेही आडवं धरून. आणि त्याच आठवड्यात महाबळेश्वरला पावसाने ठाण मांडलं. तिथे पडलेलं पाणी आज ना उद्या सांगलीला येतं, हे सांगलीच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. दिवाणजींचं घर कर्नाळ रोडच्या आतल्या एका कॉलनीत, नदीच्या बाजूला. बैठं, चार खोल्यांचं. गच्चीवर जायला बाहेरून एक अरुंद लोखंडी जिना, ज्याच्यावरून धडधाकट माणूससुद्धा कठडा धरून चढायचा.

आदल्या संध्याकाळी अबोलीने नियम मोडून सरळ फोन लावला.

"बाबा, आजच निघा. मी गाडी पाठवते. आईला मिरजेला दवाखान्यात ठेवू."

"अगं, मोठ्या पुराची रेघ आपल्या दुसऱ्या पायरीवर आहे. मी स्वतः ऑइलपेंटने ओढली आहे. आजवर उंबऱ्याच्या आत थेंब आलेला नाही."

"रेघ गेल्या वेळची आहे, बाबा. नदीला ती वाचता येत नाही."

"तुझ्या आईचा कालपासून जरा डोळा लागतोय. गाडीत घालून हिसके देत नेऊ का तिला? उद्या बघू."

सांगलीतल्या म्हाताऱ्यांचं हे एक आहे. भोंगा वाजवत पालिकेची गाडी फिरते, पोलीस दारात येऊन हात जोडतात, आणि हे पायरीवर बसून जुन्या पुराशी नव्या पुराची तुलना करत राहतात. अबोली चिडली, रडकुंडीला आली. शेवटी दिवाणजी एवढ्यावर उतरले की पाणी फाटकाला लागलं की ते तीन मिस्ड कॉल देतील. मग तिने काय ती व्यवस्था करावी, ते मुकाट्याने निघतील.

"शब्द देताय?"

"सौदा पक्का," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अबोलीने लगेच बिराप्पाला गाठलं. बिराप्पा आटपाडीकडचा. जिथे प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायची त्या मुलखात जन्मला, आणि लष्करात होड्या चालवून निवृत्त झाला. आता सांगलीत राहत होता आणि पूर आला की चार जणांना घेऊन रबरी होडी काढत होता. त्याची मुलगी अबोलीच्या हाताखाली शिकलेली. पत्ता लिहून घेऊन तो म्हणाला, "मॅडम, तुमी फकस्त सांगा. आमी स्ट्रेचर घिऊन येतो. पर येळंत सांगा. पानी गल्लीत शिरलं की वढ लय असती, मग होडी वळत न्हाई."

"वडील तीन मिस्ड कॉल देतील. ते आले की त्याच क्षणी तुम्हाला फोन करते."

"व्हय व्हय. मी हायच."

एवढं झाल्यावर तिला जरा बरं वाटलं. तिने सगळं जोडून ठेवलं होतं. वडिलांकडून तिच्याकडे, तिच्याकडून बिराप्पाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सांगलीचा फोन लागेना. कधी संपर्कक्षेत्राच्या बाहेर, कधी नुसतंच मुकं. टीव्हीवर सांगलीच्या पुलाखालचं गढूळ पाणी दाखवत होते. अबोलीला रजा काढायची होती, पण रजा काढून घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा वर्गात गेलेलं बरं, असा विचार करून ती गेली. मोबाइल आवाज चालू ठेवून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवला.

"प्रोटोकॉल म्हणजे काय?" तिने फळ्यावर दोन चौकोन काढले. "दोघांनी बोलण्याआधीच ठरवलेली रीत. कोण आधी बोलणार, कसं बोलणार, संपलं हे कसं कळणार. दोन मशिनना एकमेकांचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. मधली तार काय करेल सांगता येत नाही. म्हणून एकाने पाठवलं की दुसऱ्याने मिळाल्याची पोच द्यायची. पोच आली नाही तर पहिल्याने पुन्हा पाठवायचं."

"आणि पोचच वाटेत हरवली तर, मॅडम?" पहिल्या बाकावरच्या ऋचाने विचारलं.

"मग पहिल्याला वाटतं, मिळालंच नाही. तो परत पाठवतो. पोच हरवली तर नुकसान होत नाही, थोडा वेळ जातो. नुकसान कधी होतं माहीत आहे? जेव्हा..."

तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर "बाबा". एक रिंग, आणि बंद.

ती फोनकडे बघत राहिली. दुसरा येतोय का? तिने हातातला खडू मुठीत दाबून धरला. दुसरा आला नाही. बराच वेळ गेला, तिसराही आला नाही. नेहमीचीच वेळ होती, जेवणं उरकायची. खुशाल आहेत! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हे बघा," ती हसत म्हणाली, "आमच्या घरचा प्रोटोकॉल. एक मिस्ड कॉल म्हणजे सांगलीत सगळं ठीक. आणि ही माझी पोच." तिने सगळ्यांना दिसेल असा मोबाइल वर धरला, स्पीकर चालू करून नंबर लावला. सकाळभर न लागलेला फोन नेमका लागला. पलीकडे रिंग वाजल्याचं ऐकून तिने तोडला. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. तीही हसली.

तास संपल्यावर ती स्टाफरूममध्ये चहा घेत बसली होती तेव्हा बिराप्पाचा फोन आला. आवाज तुटत होता.

"मॅडम, घावलासा एकदाचं! काय निरोप हाय का न्हाई?"

"निरोप आला ना. सगळं ठीक आहे त्यांचं. एकच मिस्ड कॉल आला मघाशी."

"ठीक?" बिराप्पा ओरडला. "मॅडम, कर्नाळ रोड समदा पान्यात हाय. दुसऱ्या गल्लीतली मानसं काढत मी सकाळधरनं तुमास्नी ईचारायला फोन लावतोय. चारदा लावला, तवा ह्यो एक लागला. तुमास्नी माझं आदीचं तीन आलं का?"

अबोलीने कप खाली ठेवला. तिच्या फोनवर बिराप्पाचा एकही मिस्ड कॉल नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"मंग? हितं टावरच बसल्यात. धा लावावं तवा एक पोचतंय."

वडील फोन कानाला लावत नाहीत. नंबर दाबतात, मनात मोजतात, तोडतात. पलीकडे वाजला की नाही हे त्यांना कधीच कळत नाही. त्यांनी तीन दिले होते. दोन वाटेत मेले. उरलेला एक तिच्यापर्यंत येऊन म्हणाला, सगळं खुशाल. ज्या रीतीत धावण्याची हाक मोडून पडली की तिची खुशाली होते, ती रीत ती इतकी वर्षं पोरांना कौतुकाने शिकवत होती.

"बिराप्पा, जा! आत्ता जा! आईला..."

फोन तुटला.

ऐकलं का त्याने? तिने परत लावला. मुकं. परत लावला. परत. वडिलांना लावला. परत बिराप्पाला. घाईत भलतेच नंबर दाबले जात होते. पोलिसांच्या मदतीचा नंबर सतत व्यस्त. तिने व्हॉट्सअॅपवर भराभरा लिहिलं, हात जोडते, काहीही करा, माझी आई उठू शकत नाही, कृपा करा, आणि ते लांबलचक आर्जव एकाच करड्या टिकवर लटकून राहिलं. स्टाफरूममधली माणसं भोवती जमली. कुणी पाणी दिलं, कुणी म्हणालं, "देवावर भरवसा ठेवा." तिला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मग तिला आपलंच शिकवलेलं आठवलं. तार गच्च भरली की मोठं काही पाठवू नये. बारीक तुकडा कुठून तरी शिरतो. आणि पोच मागावी, अशी, जी दुसऱ्या कशासारखी दिसणार नाही. तिने साधा एसएमएस उघडला. "दिवाणजींकडे आत्ता जा. आई अंथरुणात. मिळालं तर JATO लिहा." तो पाठवला. तोच परत पाठवला. परत. थांबायचं, पाठवायचं.

वर्कशॉपचे उदयसिंह सर उंब्रजचे. ते किल्ली घेऊनच आले. "मॅडम, हितं बसून काय व्हनार? चला, माझी गाडी हाय. जाईल तिथवर जाऊ."

पावसात वायपर काच पुसत होता आणि अबोली मांडीवरच्या मोबाइलवर तेच वाक्य पाठवत होती. उंब्रजच्या अलीकडे मोबाइल थरथरला. "JATO". तिने ते मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ओढणीत तोंड खुपसून रडली.

"निघाला म्हंजे पोचनारच गडी त्यो," उदयसिंह स्वतःशीच पुटपुटले. "मिल्ट्रीचा हाय."

पण तो कधी पोचणार? पाणी किती आहे? ओढ किती आहे? "JATO" म्हणजे पोचलो नव्हे, आणि पोचलो म्हणजे सापडले नव्हे. कऱ्हाड गेलं. पेठ नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. सांगलीकडचा रस्ता पाण्याखाली. अबोली उतरली, हवालदाराच्या अक्षरशः पाया पडली. तो बिचारा मागे सरला. "ताई, पुढं रस्ताच न्हाई वो. कुठं सोडू तुमास्नी?" ती रस्त्याच्या कडेला भिजत उभी राहिली. ट्रकांची रांग लागली होती, ड्रायव्हर चहा पीत होते. तिला वाटत होतं, एवढी माणसं, एवढ्या गाड्या, आणि यातलं एकसुद्धा तिच्या आईला उचलायच्या उपयोगाचं नाही. आई गं, थांब. थोडं थांब.

अंधारून यायला लागलं होतं तेव्हा फोन आला. बिराप्पाचा. आवाज स्वच्छ होता.

"मॅडम. दिवाणजी हितं हायेत माझ्याजवळ. शाळंत आनलंय त्यास्नी."

"आणि आई?"

"तुमी... तुमी बोला त्यांच्यासंगट."

काही वेळ नुसता माणसांचा गलका ऐकू आला. मग वडिलांचा आवाज. फोनवर तिने तो फार कमी वेळा ऐकला होता.

"अबोली, आई गेली गं."

उदयसिंह छत्री घेऊन धावत आले, तिचा चेहरा बघून दोन पावलांवर थांबले.

दिवाणजी बोलत राहिले. ज्या माणसाला चार शब्द जड जायचे, तो थांबतच नव्हता. "फाटकाला लागलं तेव्हाच मी तीन दिले. अगदी नीट दिले, मोजून. तुझी पोच आली. मी तिला म्हटलं, बघ, अबोलीला कळलं, आता येतीलच. मग पालिकेची होडी आली. गच्च भरलेली होती गं. तिला आडवी न्यायची तर कुणाला तरी उतरवावं लागलं असतं, लेकुरवाळ्या बायका होत्या. मी म्हटलं, जा तुम्ही, माझ्या मुलीने व्यवस्था केली आहे. शेजारचे म्हणत होते, काका, चला. मी म्हटलं, पोच आली आहे."

"बाबा..."

"मग भराभर चढलं. मी पलंगावरून तिला जेवणाच्या टेबलावर घेतली, कशी घेतली देव जाणे. किती किंचाळली. मग टेबलाशीही आलं. मी उभा होतो तिला धरून. गार पडली होती, बोलवत नव्हतं तिला. मी हात हातात घेतला आणि म्हटलं, बोट दाब म्हणजे मला कळेल. मी दाबायचो, ती दाबायची. पुष्कळ वेळ दाबत होती गं. मग दाबेना." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "त्यानंतर हे लोक आले. चांगली माणसं आहेत. यांचा काही दोष नाही."

अबोली रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली.

"अबोली, एक सांग," दिवाणजी म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला, लहान मुलासारखा. "तुला तिन्ही मिळाले होते ना?"

तिला कळलं, ते काय विचारताहेत. एकच मिळाला म्हणायचं, आणि मग या माणसाने उरलेलं आयुष्य त्या भरलेल्या होडीकडे बघत काढायचं. जा तुम्ही, असं म्हणत हलवलेला आपलाच हात त्याला रोज दिसणार. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एकट्याने, चिखल भरलेल्या घरात.

"हो, बाबा," ती म्हणाली. "तिन्ही मिळाले."

पलीकडे एक लांब श्वास सुटला. आणि मग, जे येणार हे तिला माहीत होतं, ते आलं.

"मग एवढा उशीर का झाला गं?"

ट्रकांची रांग तशीच उभी होती. अबोलीने डोळे मिटले. खडूची भिजलेली पूड अजून तिच्या नखांत होती.

"वर्गात होते, बाबा," ती म्हणाली. "शिकवत होते."

गंगाधर दिवाणजींनी फोन तोडला नाही, आणि या खेपेला लाइनही तुटली नाही.